कात्रीची नोंद

४ मार्च

मुख्य संपादकांनी आज आम्हा दोघांना समोर बसवून एकच शब्द दिला. कात्री. मेअखेर ते निवृत्त होणार आणि त्यांच्या खुर्चीत कोण बसणार, हे या एका नोंदीवरून ठरणार. दोघांनी आपापली नोंद लिहायची: अर्थ, व्युत्पत्ती, दाखले, सगळं. मग एकमेकांची तपासायची. शाळेतली निबंधस्पर्धा भरवल्यासारखं वाटलं मला. पण म्हातारपणी माणसाला असे खेळ सुचतात.

दोघं म्हणजे एक मी, या शब्दकोशाच्या कामात अठ्ठावीस वर्षं घासलेला. आणि दुसरी ती बाई, जिला इथे येऊन तीन वर्षंही झालेली नाहीत. मी तिला मनातल्या मनात पिशवी म्हणतो. खांद्यावर सदैव एक कापडी पिशवी आणि पिशवीत चिठ्ठ्यांचा उकिरडा. गवंडी काय म्हणतो, न्हावी काय म्हणतो, टपरीवरचा काय म्हणतो, जो भेटेल त्याचं टिपून आणते. माझं मत स्पष्ट आहे. छापील दाखला नसेल तर अर्थही नाही. लोक काय, दिवसभर काहीही बोलत असतात.

शब्द तरी सोपा निघाला. संस्कृतात कर्तरी, प्राकृतात कत्तरी, मग कातरी, मग कात्री. मूळ धातू कृत्, कापणे. जाता जाता शेजारी कैची बसवायची, जी तुर्कीतून फारसीच्या वाटेने आली आणि घरचीच झाली. महिन्याभराचं काम. खुर्चीचं माप घ्यायला हरकत नाही.

९ मार्च

सबंध दिवस कपाटातले जुने कोश उपसले. एकाने दुसऱ्याचं उतरवलंय, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि तिसऱ्याने चुकीचं उतरवलंय. एक महाशय तर कात्री म्हणजे ‘दोन पात्यांचे हत्यार’ एवढं लिहून मोकळे झाले. अडकित्ताही दोन पात्यांचाच असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

एका निवृत्त इंजिनियरचं पत्र आलं होतं. जगातल्या सगळ्या भाषांमधले कात्रीवाचक शब्द आपल्याच भाषेतून गेले, असा त्यांचा शोध. बावीस पानं, दोन्ही बाजूंनी. पिशवीने ते घरी वाचायला मागून घेतलं. ती काहीही वाचते.

१५ मार्च

घरी बसून चिठ्ठ्या करायच्या होत्या. कागदाच्या पट्ट्या कापायला बाहेरच्या खोलीतून हिची मोठी कात्री घेतली, तर ही मशीन थांबवून धावत आली.

"अहो, ती नको. किती वेळा सांगितलं?"

"कापड कापते ती कागद कापत नाही का?"

"कापते. मग कापड कापत नाही."

एवढं बोलून कात्री हातातून काढूनच घेतली आणि भाजीची तुटकी कात्री आणून दिली. लग्न होऊन आली ती शिलाई मशीन घेऊन, आणि तेव्हापासून घराची पुढची खोली या घराची राहिलेली नाही. गिऱ्हाइकांच्या चपला दारात, धागे चहात, खडूचे ठिपके माझ्या वर्तमानपत्रावर. मी आतल्या खोलीत दार लावून बसतो. दुसरा उपाय नाही.

२२ मार्च

आज रविवार. दुपारी दारात पिशवी! जुना कोट घेऊन आलेली, बाह्या लांब होतात म्हणे. साऱ्या शहरात तिला माझीच बायको सापडली. मी ‘या’ म्हटलं आणि आत आलो.

दोन तास. एका कोटाच्या दोन बाह्यांवर दोन तास. मधूनमधून हसण्याचे आवाज. ही हसते ते मी विसरलो होतो. शेवटी दार घट्ट लावून घेतलं. बायका एकत्र आल्या की वेळेचं काय भजं होतं ते बघावं. पिशवी जाताना म्हणाली, "सर, तुमच्याकडे केवढा खजिना आहे." माझ्या पुस्तकांबद्दल बोलत होती. निदान तेवढी जाण आहे.

२ एप्रिल

व्युत्पत्ती पूर्ण. चार पानं. कर्तरीतला पहिला र् पुढच्या त मध्ये जिरला, त दुप्पट झाला, मग एक गळला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. एकदा हे समजलं की माणसाला अर्ध्या भाषेची किल्ली मिळते. जेवताना हिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ऐकून म्हणाली, "हो का. आणि मग ती लावायची कशी, तेही लिहिता का?"

"काय लावायची?"

"कात्री. म्हणजे आम्ही म्हणतो ना, कापडाला..."

मी म्हटलं, कात्री लावणे म्हणजे काटछाट करणे. वर्तमानपत्रांतले अकरा दाखले माझ्याकडे आहेत. तिने ताटं उचलली. शिकवायला गेलं की हे असं होतं.

५ एप्रिल

पिशवी पुन्हा घरी. कोट पुन्हा. आता बाह्या आखूड झाल्या असतील.

१७ एप्रिल

हिचं काहीतरी बिनसलंय किंवा फारच जमून आलंय. सकाळी गुणगुणत होती. चष्मा नवीन केला. चहा देताना विचारते, "कोशाला जे माहिती देतात, त्यांची नावं पुस्तकात येतात का हो?"

"येतात. शेवटच्या पानांवर, बारीक टायपात. तुझ्या नव्या चष्म्यातूनही दिसायची नाहीत."

"पण येतात."

"येतात. का?"

"सहज."

सहज! हिच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला तरी स्वतःचं नाव छापून यायची हौस आली असणार. नाव छापून येतं म्हटलं की लोक काहीही माहिती द्यायला तयार होतात. म्हणून तर मी त्यांच्यावर कधी विसंबत नाही.

५ मे

नोंद सादर केली. सुबक, कोरडी, एकही शब्द फाजील नाही. मुख्य संपादकांनी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "निर्दोष आहे." मग पानं सारखी करत, "कात्री हातात घेतल्यासारखी मात्र वाटली नाही." या वयात माणसं असं गूढ बोलू लागतात. निर्दोष म्हणाले, तेवढं मी टिपून ठेवलं.

८ मे

आज पिशवीची नोंद तपासायला मिळाली. वाचून हसावं की रडावं कळेना. व्युत्पत्ती पाऊण पान आणि तीही माझ्याच जुन्या टिपणांवरून. बाकी सगळी भिस्त एका माणसावर. माहितगार क्रमांक सतरा. व्यवसाय शिवणकाम, अनुभव अडतीस वर्षं. नावपत्ता कळायची सोय नाही, कारण माहितगारांची वही मुख्य संपादकांच्या कपाटात कुलपात असते. माणूस बघून मत बनू नये, असा त्यामागचा उदात्त हेतू. कुणीतरी शिंपी महाशय असणार, दुकानात ऐसपैस बसून आलेल्या बाईला ज्ञान पाजणारे.

काही नमुने उतरवून ठेवतो. पुढे करमणुकीला येतील.

‘कात्री लावणे: कापडाला पहिला छेद देणे. इथून पुढे मन बदलता येत नाही. गिऱ्हाईक घुटमळत असेल तर म्हणतात, अजून कात्री लावली नाही, विचार करा.’

‘कात्री चावते: धार गेली की कापड कापलं न जाता दोन पात्यांत दुमडतं, त्याला म्हणतात.’

‘एका हाताची कात्री: वर्षानुवर्षं एकाच माणसाने चालवलेली. दुसऱ्याच्या हातात ती चालत नाही. उसनी देत नाहीत.’

‘कागदाची कात्री: कापडाच्या कात्रीने कागद कापला की ती कापडाच्या कामातून जाते. घरातलं माणूस ऐकत नसेल तर चांगली कात्री लपवून ठेवावी लागते. ज्याला कशाची किंमत कळत नाही, त्याच्या हाती पडलेल्या चांगल्या वस्तूलाही म्हणतात.’

लोकांच्या घरातली भांडणं आता कोशात! या सतरा क्रमांकाच्या घरी कोण मूर्ख कागद कापतो, याच्याशी भाषेला काय कर्तव्य?

९ मे

अभिप्राय लिहिला. बऱ्याच दिवसांनी लिहिताना मजा आली. एकाच बैठकीत सहा मुद्दे. शेवटचा मला स्वतःला आवडला, म्हणून इथे ठेवतो.

‘माहितगार सतरा निरक्षर नसेलही, पण शब्दांच्या बाबतीत बहिरा आहे. अडतीस वर्षं एकच काम केल्याने माणसाला त्या कामाविषयी काही कळतं, हा भ्रम आहे. बैलही अनेक वर्षं नांगर ओढतो. अशा माणसांना कात्री चालवू द्यावी, कात्रीबद्दल बोलू देऊ नये. सर्व माहिती वगळावी.’

सतरा गेला की पिशवीच्या नोंदीत उरतं काय? पाऊण पान.

आता हा अभिप्राय नियमाप्रमाणे सतराकडे जाईल. नियम मीच केलेला, नऊ वर्षांपूर्वी. एका माळ्याने गंमत म्हणून झाडांची वाटेल ती नावं सांगून आम्हाला फसवलं होतं, तेव्हापासून. ज्याची माहिती वगळायची शिफारस होते, त्याला अभिप्राय जसाच्या तसा पाठवायचा. त्याला तो मान्य नसेल तर त्याने तसं लिहावं, मुख्य संपादक निवाडा करतील. त्याने मान्य म्हणून सही केली की माहिती कायमची बाद. मग ती परत आणायचा एकच मार्ग: तपासणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की माझं म्हणणं चुकीचं होतं. हे कलम निव्वळ पूर्णतेसाठी घातलं होतं. अशी पाळी कुणावर येणार?

मुख्य संपादकांनी अभिप्राय वाचला. मग म्हणाले, "हा असाच पाठवायचा?"

"नियमच आहे."

"एकदा घरी नेऊन वाचून बघा. सावकाश. उद्या द्या."

मी म्हटलं, मी लिहिलेलं पुन्हा वाचायची मला गरज पडत नाही. त्यांनी टपाल सांभाळणाऱ्या कारकुनाला हाक मारली.

१३ मे

संध्याकाळी घरी आलो तर मशीनवर आमच्या ऑफिसचं लांब पाकीट. उचलायला गेलो तर ही म्हणाली, "ते माझं आहे."

पिशवीच्या कोटाची मापं असतील. सरकारी पाकिटात! ऑफिसची स्टेशनरी कुठे कुठे जाते ते बघा. उद्या बोलायला हवं.

मशीन बंद होतं. या वेळेला मशीन बंद म्हणजे हिची तब्येत बरी नसावी. विचारलं तर म्हणाली, बरी आहे. जेवताना म्हणाली, "तुम्ही जे लिहिता, ते लिहिताना समोर कुणी बसलंय असं वाटतं का तुम्हाला?"

"समोर कुणी बसलं तर लिहून होईल का?"

"हं," म्हणाली.

१४ मे

पुढची खोली आवरलेली. चपला नाहीत, धागे नाहीत. आठवडाभर काम घेणार नाही म्हणे. चला, चार दिवस शांतता.

२० मे

हे कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून झालं तसं लिहितो.

सकाळी मुख्य संपादकांनी बोलावलं. पिशवी आधीच बसलेली, डोळे लाल. टेबलावर माझा अभिप्राय, खाली बाईमाणसाच्या गोल अक्षरात दोन ओळी. ‘अभिप्राय मान्य आहे. माझी माहिती काढावी आणि नाव छापू नये.’ खाली सही.

मला आनंद झाला. लिहून ठेवतो, कारण तो झाला होता. मी म्हणालो, "म्हणजे शिंपी नव्हे, बाई होत्या. निदान प्रामाणिक आहेत."

मुख्य संपादकांनी उठून कपाट उघडलं, वही काढली आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर सरकवली. मी आधी पत्ता वाचला. घर क्रमांक ओळखीचा वाटला. मग गल्ली. मग नाव. तीस वर्षांच्या संसारात मी हिची सही कधी पाहिली नव्हती. पत्त्यावरून ओळखावी लागली.

पिशवी म्हणाली, "सर, मी त्यांना म्हटलं होतं, आधी सरांना सांगा. त्या म्हणाल्या, नको, छापून आलं की एकदम दाखवीन. त्यांनी पानावर खूण घालायला कापडाची पट्टी पण शिवून ठेवलीय."

मी तिला म्हटलं, माहितगाराशी घरगुती संबंध ठेवणं शिस्तीला धरून नाही. हेही मी म्हटलं. ती उठली. पिशवी उचलली आणि बाहेर गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी मुख्य संपादकांना म्हणालो.

"वही माझ्याकडेच असते. सांगायची मुभा नाही. वाचून बघा म्हटलं होतं." वही मिटत ते म्हणाले, "नोंद तुमची राहील. नियमाप्रमाणे खुर्चीही तुमचीच. तीस तारखेला जाहीर करतो. तोवर दहा दिवस आहेत. काही लिहून द्यायचं असेल तर द्या."

२० मे, संध्याकाळ

ही पुढच्या खोलीत होती. उसवलेल्या अस्तराचे धागे ओढत होती. मी खुर्ची घेतली. या खोलीत मी किती दिवसांनी बसलो कोण जाणे.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला लागले होते. तुमच्याकडे अकरा दाखले होते."

"मला माहीत नव्हतं ती तू आहेस."

"दुसरी कुणी असती तर चाललं असतं?"

मी म्हटलं, तसं नाही. अभिप्राय माहितीवर असतो, माणसावर नसतो. तिने विचारलं, "बैल माहितीवर आहे?" मी म्हटलं, ती लिहिण्याची एक पद्धत आहे. मग म्हटलं, सही मागे घे.

"का? तुम्ही लिहिलंय ते खोटं आहे का?"

मी बराच वेळ बोललो. नियम समजावला. सही झाल्यावर ती मागे घेता येत नाही, मलाच लिहून द्यावं लागेल, आणि मी लिहून दिलं तर तिची नोंद पुन्हा उभी राहते, माझी पडते, आणि अठ्ठावीस वर्षं पाण्यात जातात. खुर्चीत बसल्यावर मात्र मुख्य संपादक या नात्याने काहीतरी करता येईल, असंही सांगितलं. दुसऱ्या आवृत्तीत. पुरवणीत.

ती धागे ओढत राहिली. मग म्हणाली, "मला वाईट वाटलं ते बैल म्हणालात म्हणून नाही. तुम्हाला राग आला की तुम्ही कुणालाही काही म्हणता. मी ते सगळं दोनदा वाचलं आणि मला वाटलं, खरंच असेल. हे शिकलेले आहेत, यांना कळत असेल. म्हणून सही केली. तुमच्यावर रागावून नाही केली."

मी म्हटलं, ‘एका हाताची कात्री’ हा प्रयोग तसा चांगला आहे.

"मग तेवढं लिहून द्या," ती म्हणाली.

२४ मे

रविवार असूनही ऑफिसात गेलो आणि दार लावून कागद घेतला. ‘माझे म्हणणे’ एवढं लिहिलं. पुढचे दोन शब्द माझ्याच नियमात तयार आहेत, नुसते उतरवायचे. तासभर बसलो.

या चार दिवसांत एक गोष्ट तपासली. छापील पुस्तकांत ‘कात्री लावणे’ पहिल्या छेदाच्या अर्थाने सापडतं का? सापडलं. दोन ठिकाणी. जुनी पुस्तकं, माझ्याच कपाटातली. म्हणजे ती बरोबर होती आणि छापील दाखल्यासकट बरोबर होती. आता दाखले मीच शोधल्यावर अर्थ माझ्या नोंदीत घालायला हरकत नाही, असा विचार मनात आला. मग लाज वाटली. मग वाटलं, लाज वाटण्यासारखं काय आहे, काम असंच चालतं.

कागद खणात ठेवला.

३० मे

जाहीर झालं. टाळ्या वाजल्या. पिशवीनेही वाजवल्या, व्यवस्थित, मोजून. तिने राजीनामा दिलाय, पुढच्या महिन्यात जाईल. गवंड्यांना आणि न्हाव्यांना विचारत फिरेल कुठेतरी. जाऊ दे. अशा माणसांचं कोशात काही काम नाही, असं मी अजूनही म्हणतो.

घरी येऊन हिला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं, हे मला कळलं. चहा केला. पुढच्या खोलीत मशीन चालू होतं, गिऱ्हाईकं आली होती. एक बाई कापड हातात धरून घुटमळत होती. हिने तिला काहीतरी सांगितलं, पण मी आतल्या खोलीत गेलो होतो आणि दार लावून घेतलं होतं, म्हणून ऐकू आलं नाही.

३ जून

मुख्य संपादक म्हणून आज पहिलं काम. टपालवाला कारकून छापखान्यात जाणारी माहितगारांची यादी सहीला घेऊन आला. नावं, व्यवसाय, क्रमांक. सोळानंतर एकदम अठरा.

"एक बाद झालंय साहेब," तो म्हणाला. "मध्ये मोकळी जागा वाईट दिसते. क्रमांक सलग करून घेऊ का? म्हणजे कुणाच्या लक्षात यायचं नाही."

तो पेन्सिल घेऊन उभा होता. यादी अजून सुधारता येण्यासारखी होती. खण माझ्या उजव्या हाताला होता आणि त्यातला कागदही.

"करा," मी म्हटलं, आणि खाली सही केली.